अर्धा आटा मागे

डिसेंबरातला शेवटचा रविवार असावा.
कन्ना चौकातलं शटर मी अर्धंच ओढलं.
आत लेथ, दोन स्टूल, शेंगांचा कागद
आणि ग्रीसच्या डब्याला टेकवलेला मौलालीचा मोबाईल.
त्यात कुठल्याशा वाळवंटात दिव्यांनी केलेला दिवस.
इथं लेथच्या लोखंडाला हात लावला तर गार.

हिरव्या हेल्मेटवाल्याची ही शेवटची शर्यत.
एकोणीस वर्षं तो वळणावर ब्रेक
इतरांपेक्षा एक श्वास उशिरा दाबायचा.
आज अकरावा आला.
उतरला, बराच वेळ हेल्मेट काढलं नाही,
पुढच्या चाकावर थोपटलं,
रिबोर करून दिलेल्या ब्लॉकवर मी थोपटतो तसं.
मौलाली म्हणाला, "संपलं बे."
मी म्हणालो, "शेंगा घे की."

पुढच्या साली नियम बदलणार होते.
पोरगं रात्र रात्र वाचायचं :
गाडी अरुंद, वजन कमी, निम्मी ताकद बॅटरीची.
आधी दहा सिलिंडर होते, मग आठ, मग सहा.
दर खेपेला आवाज एक पायरी खाली उतरला.
आमच्या गल्लीतले माग असेच बंद झाले,
कळायचं नाही आज कुठला थांबला,
फक्त बोलताना ओरडायची गरज उरली नाही.

इथंही एक नियम आलाच होता.
कागदावर तारीख. त्या दिवसापासून
कार्बोरेटरची नवी गाडी विकायची नाही.
इरण्णा मास्तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचे,
टोक इंजिनाला,
डोळे मिटून सांगायचे, "अर्धा आटा मागे."
तुळजापूरहून, पार इंडीहून लोक गाड्या घेऊन यायचे
त्या अर्ध्या आट्यासाठी.
त्यांना कुणी काढलं नाही.
एक दिवस समोर लॅपटॉपला वायर जोडलेली बघत बसले,
स्क्रू ड्रायव्हर फडक्यात गुंडाळला,
म्हणाले, "ह्यात आता ऐकायचं काय?"
चहा तसाच राहिला.

मला वाटायचं, नियम म्हणजे भिंत.
मौलाली म्हणतो, छे, नियम म्हणजे गॅप.
दोन ओळींच्या मधे फिलर गेज सरकवत जायचं,
जिथं शिरेल तिथून शर्यत सुरू.

मार्चमध्ये, सकाळीच, तसंच झालं.
शेवटच्या रांगेतली, कुणी नाव न घेणारी टीम
कुठल्याशा पट्टीखालून बोटभर हवा वळवून
पहिली आली.
चालवणारा एकोणीस वर्षांचा.
म्हणजे हिरवा हेल्मेटवाला पहिल्यांदा सुटला
तेव्हा हा पाळण्यात.
मौलाली शटरवर थापा मारत राहिला, समोरचा पानवाला ओरडला.
मी उठलो नाही.
खरं सांगायचं तर चिडलो होतो.
त्याच्यावर नाही.
इतक्या लवकर तो मला आवडला म्हणून.

पुढच्या शर्यतीला मास्तरांच्या घरी गेलो, अशोक चौकापलीकडे.
त्यांना ऐकू कमी येतं आता. सून म्हणाली, मोठ्यानं बोला.
मी सगळं मोठ्यानं सांगितलं,
सहा सिलिंडर, बॅटरी, पट्टी, ते पोर.
त्यांनी एवढंच विचारलं,
"आवाज कसा हाय?"
मला सांगता येईना.

मोबाईल पाटावर ठेवला.
पाच लाल दिवे लागत होते, गाड्या जागच्या जागी थरथरत.
मास्तरांनी तो कानाला नाही लावला.
काळ्या रेघांचा तळवा पालथा घातला त्यावर
आणि डोळे मिटले.

दिवे विझले. बावीस गाड्या सुटल्या त्यांच्या हाताखालून.

"थोडं कमी कर," म्हणाले.
आवाज म्हणत होते की आयडलिंग,
मी विचारलं नाही.