सांध्यातला तोटा

करार सव्वीस पानी. सह्या झाल्या
निवतीच्या बर्फ कारखान्यात,
कारण गावात एसी तेवढ्याच खोलीला.
कंपनीचा माणूस पुण्याचा; बूट काढावेत की नाही
या विचारात दारातच उभा.
पास्कू फर्नांडिस म्हणाला,
"येवा, येवा. हयसर सगळाच भिजलेला."

तर भागीदार असे झालो:
पास्कूचा जनरेटर आणि गच्ची,
मच्छीमार सोसायटीचे अकरा खांब,
धुऱ्यांच्या चिरेखाणीतलं कटर,
आणि मी. बावीस वर्षं केबलचा धंदा,
दोनशे सत्तर उंबऱ्यांची ओळख.
कागदावर माझ्या ओळखीला 'शेवटचा टप्पा' म्हणतात.
प्रकाश कंपनीचा. बाकी सगळं आमचं.

सड्यावर कुदळ चालेना.
जांभ्यानं ती परत पाठवली, दात पाडून.
मग धुऱ्यांचं कटर आलं, चिरे कापायचं,
आणि काजूंच्या मधून हातभर खोल
लाल रेघ ओढत सुटलं;
मागे धूळ, धुळीमागे पोरं.
एका जुन्या आंब्यापाशी मात्र थांबलं.
"देवचाराचा झाड आसा," मजूर म्हणाले.
कंपनीच्या नकाशात त्या जागी
अजून एक वळण आहे,
कारणाचा रकाना कोरा.

सांधे जोडायला कुडाळची तारका पालव आली.
माझ्या जुन्या अँप्लिफायरच्या खोक्यावर बसून
केसाहून बारीक काच सोलत होती.
खाली पडलेला तुकडा मी उचलायला गेलो
तर हातावर चापट मारली:
"काकानू, ह्यो माशाचो काटो न्हय,
रगतात गेलो तर गावाचो नाय."
दोन टोकं समोरासमोर. एक ठिणगी.
यंत्रावर आकडा उमटला:
तोटा, शून्य पूर्णांक शून्य दोन.
"झकास," ती म्हणाली.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.
माझ्या वहीत इतका कमी तोटा
एकाही महिन्यात नव्हता.

पान चौदा. पूर्वी घरामागे
दीडशे सुटायचे. आता चव्वेचाळीस.
हा सांधा कुठल्या यंत्रात मोजतात
ते तारकाला विचारायचं राहून गेलं.

पहिलं कनेक्शन लिलावाच्या शेडला.
रोजीन समोर सुरमई मांडून
फोनवर मडगावचा भाव बघते
आणि व्यापाऱ्याकडे बघतच नाही.
"नेटवरचो भाव खोटो," तो म्हणाला.
"मगे तू मासोय नेटवरचोच घे."
शेड हसली. व्यापारी बावीस रुपयांनी वर चढला.
पास्कूनं बर्फाची एक लादी जास्त दिली,
आणि वहीत लिहिली नाही.

रात्री मी गच्चीवर जातो, हिरवे दिवे मोजायला.
सगळे लुकलुकत असतात.
समुद्रातल्या खडकावरचं दीपगृह
आपली फेरी मारून जातं.
त्याचा प्रकाश कुठल्याच करारात नाही.

जुनी काळी केबल खांबांवरून उतरवून
मी अंगणात वेटोळी करून टाकली होती.
सकाळी बघतो तर तांडेलांच्या सुनेनं
ती माडापासून माडापर्यंत ताणलेली,
वर मोरीच्या पट्ट्या वाळत.
बराच वेळ उभा राहिलो.
"चॅनल दिसतत?" मी विचारलं.
"कावळे दिसतत," ती म्हणाली,
आणि काठी घेऊन धावली.