उभी चौकट

इथलं सगळं आडवं.
कालवा आडवा, त्यावरून जाणारा रेल्वेचा पूल आडवा,
काळवंडलेल्या दगडी घरांच्या रांगा
डोंगराला टेकून आडव्या,
मार्चमधला पाऊससुद्धा वाऱ्याच्या नादी लागून
आडवाच येतो, छत्रीला न जुमानता.
अकरा वर्षं मी टॉडमॉर्डनमध्ये
लोकांचे डोळे तपासते,
आणि रविवारी या लाकडी कॅमेऱ्याने
हेच, असंच, काढत आले.

उभं एकच, कताईच्या गिरणीचं धुराडं.
गिरणी गेली, ते राहिलं.
जूनमध्ये तेही उतरवणार म्हणतात.

म्हणून आज पितळी खिट्ट्या सरकवून
कॅमेऱ्याची पाठ सोडवली,
एक चतुर्थांश फिरवली, पुन्हा बसवली.
तिपाई तशीच. भाता तसाच.
फक्त काच उभी झाली.
एवढंच करायचं असतं,
आणि एवढ्याचाच मला आजवर कंटाळा होता.

धुराड्यापाशी क्लिफर्ड क्रॅबट्री. वय सत्त्याऐंशी.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हे माझ्या कार्डावर लिहिलंय.
शिड्या ठोकत, दोरांवर, या खोऱ्यातली
सगळी धुराडी चढला, हे कार्डावर नाही.
बसा ना, म्हणून मी घडीची खुर्ची उघडली.
"उभ्या जन्मात याच्या पायाशी बसलो नाही,"
तो म्हणाला.
म्हणजे त्याचे इंग्रजी शब्द वेगळे होते,
मला ते असे ऐकू आले.

काळ्या कापडाखाली शिरले.
काचेवर जमीन वर, आभाळ खाली,
जमिनीपासून धुराडं लोंबतंय
आणि शेजारी क्लिफर्ड, टोपीसकट.
टोक मावेना.
कॅमेऱ्याला मान वर करू द्यावी
तर रेषा आत झुकतात, सगळं मागे कलंडतं.
त्याला ताठ ठेवून नुसती लेन्स वर घेतली,
दोन बोटं, मग अजून अर्धं.
टोक आत आलं,
आणि वरच्या कडेतून क्लिफर्डचे बूट निसटले.
लेन्स खाली, बूट आले, टोक गेलं.
पुन्हा वर. पुन्हा खाली.

"काय चाललंय आत?"
मी कापड उचलून त्याला घेतलं.
काचेला डोळा लावू नका, जरा मागून बघा.

बराच वेळ तो बोलला नाही.
कापड त्याच्या श्वासाने हलत होतं.

मग आतून:
"हे मी पाहिलंय.
एकसष्ट साली, याच्याच टोकाशी. शिडीवरून निसटलो,
डावा पाय दोरात अडकला.
पूल वर, ढग खाली. असंच.
नॉर्मन चढून येईपर्यंत वीस मिनिटं.
बायकोला पन्नास वर्षं सांगत होतो,
ती म्हणायची, किती घाबरला असशील.
घाबरलो नंतर, घरी, चहा पिताना.
तेव्हा मी बघत होतो."

बाहेर आला, डोळे पुसत.
त्यात मोतीबिंदू किती आणि वारा किती,
मी तपासलं नाही.
"टोक घे," म्हणाला, "बूट काय, कुणाचेही असतात."
आणि काठी खुर्चीवर ठेवून जागेवर जाऊन उभा राहिला.

होल्डरमध्ये फिल्मचे दोनच ताव.
पहिल्या खेपेला झडप ओढायचीच विसरले.
दुसऱ्या खेपेला अर्धा सेकंद.
गवत हललं असणार.
तो नाही हलला.

या कॅमेऱ्याची एक खोड आहे.
पाठ पुन्हा आडवी केल्याशिवाय
पेटी मिटत नाही.
खिट्टीवर बोट ठेवलं,
क्लिफर्ड बघत होता, अजून तसाच उभा.

म्हटलं, राहू दे थोडा वेळ.
थर्मासमध्ये चहा आहे.