षष्ठी

एरंडवण्यात आमचा वनस्पतिसंग्रह.
कपाट सदतीस, खण चौथा.
डांबरगोळ्यांच्या वासात एक वाळलेली फांदी,
चिठ्ठीवर: दिवे घाट, सप्टेंबर १९५८, व्ही. खळदकर.
परदेशातल्या कुणा पंडिताने तिचं बारसं केलं
आणि आडनावाच्या शेपटीला दोन आय लावले:
खळदकरिई.
म्हणजे खळदकर नावाच्या पुरुषाची.

मराठीत आपलं बरं असतं.
खळदकरांचा पेन, खळदकरांची छत्री, खळदकरांचं पान –
चा-ची-चं वस्तूच्या तोंडाकडे बघतात,
मालक की मालकीण, विचारत नाहीत.
लॅटिनची षष्ठी मात्र वळून मालकाकडेच बघते.

(विशेषण केलं असतं, खळदकरियाना, तर निराळं.
ते आपल्या चा-ची-चंसारखं,
झाडाच्या लिंगाप्रमाणे शेवट फिरवणारं.
रोममध्ये म्हणे घराण्याचं नावच विशेषण:
कॉर्नेलियसची लेक कॉर्नेलिया,
चार लेकी असल्या तर चौघीही कॉर्नेलिया,
थोरली, धाकटी, पुढे आकडे.
पण लग्न झालं तरी कॉर्नेलियाच.)

परवा रद्दीत तिची शेतवही सापडली. पान एकोणीस:
"खोडाला काटे, टोकाशी वाकडे. फूल हिरवट.
नवं पातळ फाटलं. आईला काय सांगू?"

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

फोन लावला, सहकारनगरला.
"खळदकर? अहो, ते साठ सालीच संपलं.
आता विमल घैसास. गॅझेटात छापून आलंय.
आणि तो पुरुष कोण म्हणालात?"

मी सांगितलं, झाड दोनदा दुसऱ्या प्रजातीत दिलं,
दर वेळी पहिला शब्द बदलला,
दुसरा नाही.
विशेषण असतं तर नव्या घरच्या वळणाने गेलं असतं.
षष्ठी जात नाही.
नियमाने मला एवढंच करता येतं:
शेवटचा आय खोडून तिथे ए आणि ई.
खळदकरिए. खळदकर बाईंची.

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग,
"ळ कसा लिहितात हो त्यांच्यात?"
"एलनेच. ळ नाही त्यांच्याकडे."
"म्हणजे खलदकर म्हणत असणार मेले."

आणि जरा थांबून,
"म्हणू देत."