क्ष कुठे येतो

अशोक चौकातल्या विडी ब्रँचच्या माडीवर
पत्रा तापलाय, पंखा नुसता आवाज करतोय.
समोर चारशे बारा बायकांची नावं,
जी जशी कामाला लागली तशी.
बोनस आता नावाच्या क्रमाने वाटायचाय.
म्हटलं, एका ओळीचं काम. सॉर्ट.

पहिल्याच फटक्यात सगळ्यांच्या वर येमूल अनसूया.
य, आणि अ च्याही आधी?
बघते तर नावामागे दडलेली एक मोकळी जागा,
कुणाचा तरी अंगठा स्पेसबारवर विसावलेला.
यंत्राच्या दारी रिकाम्याला पहिला मान.
जागा पुसली. अनसूया गेली खाली,
तिला यातलं काही कळलंही नाही.

गजम नर्सम्मा, तिच्याखाली गजम नागमणी.
नळावरून सहा वर्षं अबोला आहे म्हणे.

खाली यल्लप्पा चेकर कट्टे उलगडत होता,
ही सैल, छाट. ही पण छाट.
त्याची बोटंच ठरवतात.

आणि मग कोंड्यालांच्या नंतर, गजमांच्या आधी
क्षीरसागर राजमणी.
मी थबकले.
शाळेत क्ष शेवटी असायचा,
फळ्याच्या कोपऱ्यात, जागा उरली तर.
यंत्र जोडाक्षर उसवून वाचतं:
क, पाय मोडल्याची खूण, मग ष.
त्याच्या लेखी ती एक लंगडणारी क.

मराठीची रीत लावायला एक ओळ पुरते.
लावली.
राजमणी चारशे बाराव्या घरात.
बरोबर. शाळा, शब्दकोश, सगळ्यांच्या मते बरोबर.

तेवढ्यात तीच वर आली, कडेवर सूप,
"माझं नाव लागलं का हो?
मी खालूनच बघते, लवकर सापडतं."
म्हटलं, मघाशी तुम्ही क मध्ये होता.
हसली. "क मध्ये? तिथं मला कोण ओळखतंय?"
जाताना म्हणाली, शेवटी शेवटी
पाकिटात नोटा फार मळक्या येतात.

मी ती ओळ खोडली.

वाटपाच्या दिवशी पंचावन्न नंबरला
क्षीरसागर, क्षीरसागर, तीनदा पुकारा झाला.
ती रांगेच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत,
सवयीने उभी.
बायकांनी ढकलत ढकलत पुढे आणली.

नर्सम्माची कॉलेजातली नात यादी वाचून म्हणाली,
ताई, क्ष इथे नसतो, चुकलंय तुमचं.
हो म्हटलं, चुकलंय.