अंगावर लिहिलेला रंग

महापेला, सातव्या मजल्यावर, दुपारी साडेतीनला
माझ्यासमोर एका पतपेढीचं पान उघडं आहे.
काम सोपं: सगळं निळं करायचं.
नव्या संचालक मंडळाला निळा हवाय,
गडद, विश्वासाचा वगैरे.
मी स्टाइलशीटमध्ये एक ओळ लिहिली,
पान रिफ्रेश केलं.
काहीच हललं नाही.

आत उतरले तर
प्रत्येक शब्दाच्या अंगावर कुणीतरी रंग लिहून ठेवलेला.
ठेवींना हिरवा, थकबाकीला विटकरी,
व्याजदरांना कसलासा आमसुली,
इतक्या जवळून लिहिलेला
की लांबून मारलेली हाक त्याला ऐकूच येत नाही.

एका कोपऱ्यात नाव सापडलं: ली. टी. कडू, मार्च २००८.
तो आता कुठं असतो, इथं कुणाला माहीत नाही.
पण हात कळतो.
हा माणूस शिकून आला नव्हता, करत करत गेला होता,
एकेका चौकटीपाशी उकिडवा बसून,
जसा आमचा बाबा बसतो
ओट्याच्या कडेला, ब्रश घेऊन.

घणसोली.
सेक्टर आखणाऱ्यांनी सगळ्यांना एकच नियम घातला:
इतका रस्ता, इतकी मोकळी जागा, बदामी भिंती.
तो सगळ्यांना लागला, गावठाणाला लागला नाही.
कमळूबायचं घर जांभळं,
मढव्यांच्या जिन्यावर सोनेरी सिंह,
आमचं पोपटी.
दर दिवाळीआधी बाबा तोच डबा आणतो, तोच नंबर.
एकदा म्हटलं, जरा फिका घेऊ या.
"माजा घर हाय," म्हणाला, "नकाशाचा नाय."

उपाय आहे.
नियमाच्या शेपटाला उद्गारचिन्ह लावायचं
आणि पुढं 'महत्त्वाचं' असा शब्द.
मग बाहेरचा नियम अंगावरच्या रंगावर चढतो.
मी चढवला.
पान निळं झालं, पार तळटीपेपर्यंत,
आणि मला आमच्या गल्लीतल्या भिंतीवर
लाल रंगात फासलेला नोटिशीचा आकडा आठवला.
त्याच्या पुढं उद्गारचिन्ह नव्हतं.
लागलं नव्हतं.

एक नाव मात्र निळं झालं नाही.
संस्थापक सभासदांच्या यादीत, क्रमांक एक्केचाळीस,
कै. सुंदराबाई त्रिंबक कडू.
अबोली.
तिच्या अंगावर रंग होता
आणि रंगापुढं तेच उद्गारचिन्ह, तोच शब्द.
अंगावरचं महत्त्वाचं
बाहेरच्या महत्त्वाच्याला हरत नाही,
मी स्टाइलशीटमधून कितीही ओरडले तरी.
पुसायचं तर तिच्याजवळच जाऊन बसावं लागेल,
ओळ उघडून, तिच्या अंगावरून.

दोन सेकंदांचं काम.
कर्सर तिथं नेला. तो लुकलुकत राहिला.
"झालं का?" ओजस सरांनी विचारलं.
झालं म्हटलं.
"सगळं?"
इथून बघाल तर सगळं.

आठवड्याने पान चालू झालं.
बाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं,
त्याच्या फोनवर काळ्यावर पिवळं, बोटाएवढी अक्षरं.
वाचणाऱ्याने आपल्या डोळ्यांसाठी घातलेला नियम
आमच्या सगळ्यांच्या वरचा:
तिथं माझा निळा नाही, मंडळाचा विश्वास नाही,
कडूंचा अबोलीही नाही.
बाबा यादी वाचत खाली आला
आणि एक्केचाळीसवर थांबला.
"सुंदरीबाय," म्हणाला,
"हिचे केसान बारमास अबोली."

मी काही बोलले नाही.
त्याने अंगठ्याने पान पुढं ढकललं,
व्याज किती साठलं ते बघायला.