हौद

पूर ओसरल्याच्या तिसऱ्या दिवशी
देवळाची किल्ली माझ्याकडे होती म्हणून
मीच पहिला आत गेलो.
बाकांवर गाळ. ऑर्गनच्या पोटात गाळ.
गायनाची पुस्तकं पावासारखी फुगलेली.
आणि वेदीच्या डाव्या अंगाला, बाप्तिस्म्याच्या हौदात,
जिथं माझी थोरली नाक दाबून उतरली होती,
तिथं एक मगर.

विश्वामित्रीची. बडोद्यात दुसरी कुठली असणार?
टॉर्च मारला तर दोन डोळे
रिक्षाच्या मागच्या दिव्यांसारखे.
बावीस वर्षं मी त्या हौदात पाणी भरतोय,
इतकं शांत त्यात कुणी बसलं नव्हतं.

अंगणात मंडळी जमली.
शांतवन रणपिसे म्हणाले, सैतान.
एस्तेरबाई म्हणाल्या, साप तोच, जुना, आता पाय फुटलेत.
कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, घाणेरडं जनावर,
नाल्यातून येतं,
नाला सिमेंटनं बुजवून टाका एकदाचा.

मला तो पहिला माळी आठवला,
ज्याच्यापुढून देवानं एकेक प्राणी नेला
आणि म्हटलं, यांना नावं ठेव.
त्यानं ठेवली.
आम्ही अजून ठेवतोच आहोत.

दुपारी पोरं आली, दोरखंड, बांबू, ओलं गोणपाट घेऊन.
आघा रहेजो, काका, त्यातला एक म्हणाला,
विशीतला, पायात रबरी चप्पल.
गोणपाट त्यानं तिच्या डोळ्यांवर टाकलं:
अंधार केला की ती घाबरत नाही.
मग तळहात तिच्या पाठीवर ठेवला,
पाळकसाहेब पोरांच्या डोक्यावर ठेवतात
तसा, पण जास्त वेळ.
बाग नांगर आणि राख, ही दोन कामं
आम्हाला पाठ आहेत लहानपणापासून.
त्याला कुणी शिकवली नव्हती बहुधा.
त्याला दुसरं येत होतं.

ती गेली. मी हौद उपसायला घेतला.
पहिल्या बादलीत गाळ, दुसऱ्या बादलीत गाळ,
आणि मग पांढऱ्या, एकीला एक चिकटलेल्या,
थर्माकोलच्या ताटल्या.
एकीवर अजून हळदीचा डाग.

जूनमधल्या प्रीतिभोजनाच्या होत्या त्या.
तीनशे आणल्या होत्या, मीच.
रात्री अकराला, पोती भरून,
कुणी बघत नाही ना, बघून
कुंपणावरून नाल्यात. मीच.
दर रविवारी आम्ही कबूल करतो,
मनानं चुकलो, बोलण्यानं चुकलो, हातानं चुकलो.
थर्माकोल हा शब्द त्यात कधी येत नाही.
नदीनं मोजल्या नसतील.
पण आणून दिल्या, घरपोच,
ज्याच्या त्याच्या देवळात.

मी कुणाला सांगितलं नाही.
रणपिसेंना सांगितलं.
ते बराच वेळ ताटल्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले,
सैतान म्हटलं मी तिला.
एवढंच म्हणाले.

यंदा स्टीलची ताटं आणली, रावपुऱ्यातून, भाड्यानं.
घासायला चौघं लागतील असं ठरलं होतं,
आलो दोघं.
एस्तेरबाई चुलीतली राख पाठवतात डब्यातून,
साबण नको म्हणतात, पाणी शेवटी तिकडेच जातं.
रणपिसे ओततात, मी घासतो.
त्यांची कंबर धरते. माझीही.
नाल्यावरच्या सिमेंटचा ठराव
अजून कमिटीच्या वहीत आहे, पान फाडलेलं नाही.
पुढच्या बैठकीत मी उभा राहणार आहे.
काय बोलायचं, अजून सुचलेलं नाही.

हौदाच्या तळाशी, कोपऱ्यातल्या भेगेत,
तिचा एक दात अडकलाय.
मी काढला नाही.
रविवारी धाकट्याचा बाप्तिस्मा.
सकाळीच नळ सोडला,
पाणी चढताना बघत बसलो:
आधी दात बुडाला,
मग पहिली पायरी.