माल

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, रात्रपाळीला,
दोन सलाईनच्या मधल्या वेळात
वही उघडून पुटपुटते:
उ आव्हे-वू माल?
तुम्हाला कुठे दुखतंय?

माल म्हणजे दुखणं.
पहिल्यांदा हसूच फुटलं.
भाऊ केळीच्या गाडीवर,
फोन उचलला की त्याचं एकच:
माल भराई गया का, माल पोची गया का.

फ्रेंचच्या बाई सांगतात, न नाकातून सोडा, गिळू नका.
त्यू म्हणजे आपला तू,
पण पेशंटला कायम वू.
वेदना तिकडेही स्त्रीलिंगी.
हे मी दोनदा अधोरेखित केलंय.

सात नंबरच्या खाटेवर वैजापूरची रमकीबाई.
मला पावरी येते चार शब्द,
तिला मराठी तेवढीच.
तिनं माझा हात ओढून
उजव्या बरगडीखाली ठेवला
आणि सोडलाच नाही.
वहीत हा धडा नाही.

मार्चात परीक्षा, मग क्युबेक,
गुडघाभर बर्फ, परक्या म्हाताऱ्या.
व्याकरण चुकायची नाही मी.
पण रात्री दोनला कुणी कण्हली
तर तोंडून आधी निघेल,
कोठे दुखस वं माय तुले?

मग सावरून,
वू.